हाताने दाखवलेला डोंगर

दिवाळी तोंडावर आली की आमच्या गल्लीतला आवाज बंद होतो. सूरतेच्या लिंबायतमध्ये राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वर्षभर खालच्या मजल्यावर, समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पलीकडच्या गल्लीत लूम चालू असतात. लूमच्या कारखान्याला सूरतेत खातं म्हणतात. खात्याचा खटखटाट भिंतीतून येतो, फरशीतून येतो, माठातलं पाणीसुद्धा त्याने बारीक थरथरत असतं. मग एका संध्याकाळी शेठ मिठाईचे डबे वाटतो, कारागीर हात धुऊन बाहेर पडतात आणि सगळं थांबतं. पंख्याचा आवाज ऐकू येतो. शेजारणीच्या बांगड्या ऐकू येतात. इतकी वर्षं इथे राहून मला त्या पहिल्या रात्री झोप लागत नाही.

दोन-चार दिवसांत गल्ली रिकामी होते. कोणी जळगावकडे, कोणी शिरपूरकडे, कोणी थेट बुलढाण्याला. गोण्यांमध्ये साड्या, पोरांच्या हातात फटाके, आणि स्टेशनवर आपापल्या गावाच्या भाषेत आरडाओरडा. लूमवर काम करणारी माणसं हळू बोलूच शकत नाहीत. त्यांच्या गुपिताच्या गोष्टीही अख्ख्या फलाटाला कळतात.

यंदाही मी बॅग काढली आणि कप्प्यात हात घातला तर बोटाला काहीतरी टोचलं. गेल्या वर्षीचं कुसळ होतं. वर्षभर तिथेच शिवणीत बसून राहिलेलं. ते काढायला बसले तर मुलगा मयूर दारातून म्हणाला, “मम्मी, आ वखते रेवा दे ने, या वेळी राहू दे. गावच्या काकूंशी व्हिडिओ कॉल कर, बस.” तो कापड मार्केटमध्ये कॉम्प्युटरवर बिलं करतो. त्याचं गाव सूरत आहे, आणि त्यात त्याची काही चूक नाही. “एकटीने त्या डोंगरावर परत जायचं नाही हां,” तो म्हणाला. मी कुसळ चिमटीत धरून नुसती हसले. जायचं की नाही ते माझं मलाच ठरलेलं नव्हतं.

डोंगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं, तसा तो नाही. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. पोरांना डोंगर काढायला सांगितला की दोन त्रिकोण आणि मधोमध सूर्य. सूरत सपाट आहे. पोरांनी उंच पाहिलाय तो उड्डाणपूल. आमचा डोंगर बसलेल्या म्हशीसारखा आहे. रुंद, ओबडधोबड, माथा सपाट. नवापूर मागे टाकून जीप वर वर जाते, साग संपतात, शेतं विरळ होतात आणि नुसता माळ सुरू होतो. त्या माळावर यांचं गाव, आणि गावाच्या मागे तो. त्याच्यावर झाड म्हणावं असं झाड नाही. आहे ते गवत. पवन्या, कुसळी आणि पायाखाली चुरगळलं की वास सोडणारं रोशा गवत. दिवाळीपर्यंत ते छातीला लागतं. पाऊलवाट नाही, कारण वर्षातून एकदा एका घरचा एकच माणूस वर जातो. एका माणसाच्या पायांनी वाट पडत नाही. पडली तरी पुढचा पावसाळा ती गिळून टाकतो.

‘हे’ म्हणजे माझे मिस्टर. नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही आणि आता तर त्यांना हाक मारायचीच सोय नाही, तेव्हा ‘हे’च लिहिते.

माथ्यावर यांच्या घराण्याचा देव आहे. त्याला नाव नाही, वरला देव म्हणतात. पूर्वी गुरं वर चरायला नेत, तेव्हापासूनचा. नवी बाजरी घरात आली की पहिली कणसं त्याला नेऊन ठेवायची, मग आपण भाकरी खायची. आता जमीन नाही, बाजरी नाही. सूरतला आल्यापासून हे कणसांऐवजी आपल्या लूमवरच्या कापडाची एक पट्टी न्यायचे. दिवाळीआधी उतरवलेल्या शेवटच्या ताक्याची चिंधी, शेठला विचारून घेतलेली. “आते हाईच मनी बाजरी,” म्हणायचे. हीच आता माझी बाजरी.

आणि त्या घरात अशी रीत होती की वर एक जाणार आणि खाली एक उभं राहणार. डोंगराच्या समोर, ओहोळाच्या अलीकडे, एक टेकाड आहे आणि त्याच्यावर काळा खडक. गवतात शिरलेल्या माणसाला पुढचं काही दिसत नाही. मध्येच धारेचा कडा तुटलेला असतो, मध्येच घळ असते, आणि सगळ्यावर गवत सारखंच. खडकावरून मात्र अख्खी उतरण समोर उघडी पडते. म्हणून खालच्याने हात करून वाट दाखवायची आणि वरच्याने अधूनमधून मागे वळून ती पाहून घ्यायची. आधी यांचे वडील वर जायचे. म्हातारपणी गुडघे गेले तसे ते खडकावर उभे राहू लागले आणि हे वर जाऊ लागले. सासरे गेल्यावर खडक माझ्याकडे आला.

आम्हाला दोघांना ते काम सोपं होतं, कारण आमचा निम्मा संसार हातांवरच चालायचा. खात्यात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. धागा तुटला तर चिमटी करून झटका द्यायचा, पाणी हवं तर अंगठा ओठांशी न्यायचा, शेठ आला तर पोटावर गोल हात फिरवायचा. एवढ्या वर्षांत यांचे कान जवळजवळ गेले होते. घरीही मी ओरडायचं सोडून खुणा करायला लागले. मयूर सात-आठ वर्षांचा होता तेव्हापासून आम्हाला म्हणायचा, टीव्हीचा आवाज बंद केल्यावर दिसतात तसे तुम्ही दोघं बोलता. भांडणंसुद्धा खुणांनीच. एकदा मी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, म्हणजे पुरे झालं तुमचं, तर पाहुण्यांना वाटलं मी नवऱ्याच्या पाया पडते आहे.

तर डोंगराच्या खुणा. एक हात पसरला तर त्या बाजूला सरका. दोन्ही वर केले तर सरळ चढा. दोन्ही आडवे छातीशी धरले तर थांबा, पुढे कडा आहे. सूर्य उगवता उगवता हे ओहोळ ओलांडून गवतात शिरायचे आणि मी पदर खोचून खडकावर उभी राहायची. थंडी असायची. मागून कोवळं ऊन यायचं आणि समोरची सगळी उतरण पिवळी होऊन जायची. तीत यांचा पांढरा सदरा हललेला मला लांबूनही दिसायचा. हे थांबत, वळत, कपाळावर आडवा हात धरत, मग एक हात वर करत, म्हणजे कळलं. आणि पुढे जात.

कधी कधी मी उजवीकडे दाखवावं आणि ह्यांनी डावीकडे जावं. माझा जीव खाली-वर. मी खडकावर नाचायचे, दोन्ही हात छातीशी आपटायचे. हे आरामात घळीच्या काठाने फिरून वर निघायचे. खाली आले की मी विचारायचे, “अहो, डोळे कुठे होते?” तर म्हणायचे, “तूनाच हात वाकडा व्हता.” आणि मग घरी गेल्यावर जाऊबाईंपुढे, सगळ्या घरापुढे, दर वर्षी तेच वाक्य: “हाईनी हात दखाडा म्हनीसन वाट सापडनी.” हिने हात दाखवला म्हणून वाट सापडली. हे वाक्य मी वर्षभर पुरवून वापरायचे. शाळेत मुख्याध्यापिका बोलली, घरमालकाने भाडं वाढवलं, की मनातल्या मनात ते काढून बघायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार अभिमान होता. लूमवर यांना मदत करता येत नव्हती. तिथे सगळं यांच्या एकट्याच्या अंगावर. पण त्या एका सकाळी हे माझ्या हातांवर चालायचे.

माथ्यावर पोचले की हे दिसेनासे होत. मग माझं काम संपलेलं असायचं. मी डोंगराकडे पाठ करून उन्हाकडे तोंड करायचे आणि खडकावर मांडी घालून ऊन खात बसायचे. हे मात्र लवकर उतरत नसत. एक पट्टी बांधायला कितीसा वेळ लागतो? पण बराच वेळ जायचा. पाठ तापायची, पोट बोलायला लागायचं. शेवटी कंटाळून मागे वळून पाहावं तर नेमके हे तेव्हाच माथ्याच्या काठावर उठून उभे राहत, हात हलवत आणि उतरायला लागत. “इतकी काय पूजा करतात?” मी विचारायचे. “देव लवकर सोडस नही वो,” एवढंच उत्तर.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात हे गेले. दुपारच्या पाळीत छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. खात्यातल्या लोकांनी दिवसभर मशिनी बंद ठेवल्या. त्या शांततेचा मला इतका राग आला की मनात म्हटलं, लावा रे परत, लावा. आता घरात खुणा करायला कोणी नाही. मयूरला काही सांगायचं असलं की माझा हात आधी उठतो, मग तोंड उघडतं. तो बघत नसतो, मोबाइलमध्ये असतो. हात आपला हवेत राहतो.

पहिल्या दिवाळीला वर्ष सरलं नव्हतं म्हणून गेलो नाही. गेल्या वर्षी मी ठरवलं की पट्टी मी नेणार. यांच्या शेवटच्या ताक्याची चिंधी खात्यातल्या जोडीदाराने मला आठवणीने आणून दिली होती. ती कपाटात ठेवून मला चैन नव्हती. देवावर माझा फार विश्वास आहे असंही नाही. पण ती जागा मला पाहायची होती. इतकी वर्षं मी यांना तो डोंगर चढवला आणि स्वतः एक पाऊलही त्याच्यावर ठेवलं नव्हतं.

गावात पोचले तर गाव रिकामं. सूरतेतली माणसं दिवाळीला गावी येतात आणि त्याच आठवड्यात गावातली माणसं बारडोली-चलथाणकडे ऊस तोडायला निघतात. ट्रकमध्ये चुली, कोंबड्या, पोरं. आमची जीप वर चढताना त्यांचा ट्रक खाली उतरत होता. आम्ही एकमेकांना हात केले. घरी उरली होती एकटी जाऊबाई, गुडघे धरून बसलेली.

“एकली कशी जाशी वो?” ती म्हणाली. “खाले कोन उभं ऱ्हाई? डोंगरले काय डोया शेतस का?” डोंगराला काय डोळे आहेत, की तो तुला सांभाळून घेईल.

“मला पाठ आहे सगळा,” मी म्हटलं.

आणि मला खरंच तसं वाटत होतं. कडा कुठे, घळ कुठे, कुठल्या टप्प्यावर उजवीकडे सरायचं, सगळं मी डोळे मिटून सांगू शकत होते. ओहोळ ओलांडला, गवतात दहा-वीस पावलं शिरले आणि पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. खडकावरून दिसणारा डोंगर आत नव्हताच. आत फक्त गवत होतं. ओलं, थंड, तोंडावर येणारं. चढ कुठे वळतो ते कळेना. साडीचा ओचा ओला होऊन पायांना चिकटला. कुसळं पोटरीत, कोपरात, ब्लाउजच्या बाहीत. थांबलं की आपलाच श्वास ऐकू यायचा आणि वारा गवतावरून सरकताना लांबून कोणी झाडू मारतंय असं वाटायचं. हाक मारून उपयोग नव्हता. ओ द्यायला मैलभरात कोणी नव्हतं.

एका जागी पुढचं पाऊल टाकलं आणि खाली काही लागेना. मी मागे बसलेच. गवत बाजूला करून पाहिलं तर घळ. रडू आलं. भीतीचं होतं, पण नुसतं भीतीचं नव्हतं. मी सवयीने मागे वळले, खडकाकडे. जणू तिथे कोणी हात करणार होतं. पण तिकडे डोळा ठरेना. सूर्य बरोबर समोर आणि दरीतलं धुकं सगळं पांढरं पेटलेलं. मला वाटलं, आजच धुकं जास्त आहे.

परतावं असं मनात आलं. मयूरचं ऐकायला हवं होतं असंही आलं. पण परतायचं तरी कुठून? आलेली वाट मागच्या मागे मिटली होती. मग मी खडक विसरले, पाठ केलेलं विसरले आणि पायाला जिकडे चढ लागेल तिकडे जायला लागले. टाच आधी टेकवायची, जमीन बोलली तर वजन टाकायचं. दगड आला की हाताने चाचपायचा. घळीचा गार वारा गालाला लागला की दुसऱ्या बाजूला सरायचं. किती वेळ गेला ते माहीत नाही. एकदम गवत आखूड झालं, घोट्याशी आलं, आणि वारा सरळ तोंडावर आला. वर पोचले होते.

देव म्हणजे एक गुडघ्याएवढा दगड. शेंदूर नाही, काही नाही. त्याच्या बाजूला करवंदीची जाळी आणि जाळीवर पट्ट्या. कणसं असती तर पाखरांनी केव्हाच खाल्ली असती, सुती कापड असतं तर कुजून गेलं असतं. पण सूरतेचं कापड ते, पॉलिस्टर. सगळ्या वर्षांच्या पट्ट्या तिथे होत्या. काही मळून राखाडी, काही कडक झालेल्या, एखादीत अजून चमक. मी शेवटची बांधली. हात जोडले. यांचं नाव घेतलं, पहिल्यांदा, मोठ्याने. रागवायला कोणी नव्हतं.

मग माथ्याच्या काठाशी आले, जिथे हे उठून उभे राहायचे. खडक बघावा म्हणून. इथूनही तेच. समोर सूर्य, खाली पेटलेलं पांढरं. ओहोळ नाही, टेकाड नाही, खडक नाही. कपाळावर आडवा हात धरला, डोळे बारीक केले, पाणी आलं डोळ्यांना. काही दिसेना.

तेव्हा कळलं. धुकं आजच जास्त नव्हतं. सूर्य दर वर्षी तिथूनच उगवत होता, माझ्या पाठीमागून. मला हे स्वच्छ दिसायचे कारण ऊन यांच्या अंगावर पडायचं. चढताना यांना मी कधीच दिसले नव्हते. माझा पसरलेला हात, छातीशी आपटलेले हात, ते नाचणं, यातलं काहीच नाही. हे थांबत, वळत, कपाळावर हात धरत, कळलं म्हणून हात वर करत, ते सगळं त्या पांढऱ्याकडे बघून. आणि चढत होते माझ्यासारखेच, टाच टेकवत, चाचपत, एकटे. सासरे तर स्वतः वर जाऊन आलेले. त्यांनाही ठाऊक असणार. तरी ते शेवटपर्यंत खडकावर उभे राहिले.

मी तिथेच काठावर बसले. आधी राग आला. इतकी वर्षं मला फसवलं. माझा तो एक अभिमान, वर्षभर पुरवलेला, तो नुसता माझ्या समाधानासाठी? मला त्या क्षणी यांच्याशी कडाडून भांडायचं होतं, आणि भांडणाला माणूस नव्हता. यांच्या जाण्यानंतर इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. मी तशीच बसून राहिले.

बसता बसता ऊन वर सरकलं. धुकं पातळ झालं, आधी ओहोळातली वाळू दिसली, मग टेकाडाची कड. आणि मग, हळूहळू, खडक. इतका स्पष्ट की त्याच्यावरची भेग दिसली, त्याच्या शेजारचं बोरीचं झुडूप दिसलं. तिथे माणूस बसलं असतं तर त्याच्या साडीचा रंग सांगता आला असता.

हे इतका वेळ वर काय करायचे, ते मग मला कोणी सांगायला नको होतं. पूजा नव्हती. देवाने धरून ठेवलेलं नव्हतं. हे इथे, याच काठावर, मी दिसेपर्यंत बसायचे. आणि दिसल्यावर मी पाठमोरी, ऊन खात बसलेली. हाक पोचणार नाही, खूण दिसणार नाही. म्हणून मी वळेपर्यंत हे बसून राहायचे. मी वळले की हे उठायचे.

मी खडकाकडे बघत राहिले. तिथून वळून पाहणारं आता कोणी नव्हतं. मग उठायचं कधी, तेच मला कळेना.